सरकलेला तीळ

आईच्या मानेतली गाठ वेळेवर निघाली आणि आई आता ठणठणीत आहे. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण त्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. येणार की नाही ते हॉस्पिटलला सहापर्यंत कळवायचं होतं, नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी. ही गाठ दोन महिने थांबणारी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि आई म्हणत होती, "मला नाही जायचं."

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी इमारत कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीने उभी होती. पडद्यावर बाबा होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, पण फोटोत ते सायकलला टेकून हसत होते. त्यांचा डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला होता.

दादाने आठवडाभर खपून बाबांच्या जुन्या, पारदर्शक फिल्मच्या स्लाइडचे घरच्या स्कॅनरवर डिजिटल फोटो केले होते. चाळीस स्लाइड, आणि चाळीसही वेळा तीळ उजवीकडे! घाबरून त्याने वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं. काकूंनी महाराजांना.

"डावं म्हणजे इहलोक, उजवं म्हणजे परलोक," महाराज घुमत होते. "तीळ सरकला, तशी माउलीच्या गाठीची मुळं सरकली! डावीकडे उरलंय ते टरफल. टरफलाला चाकू लावाल तर मूळ खवळेल. अकरा दिवस माझं तेल लावा, डॉक्टरचं तोंड पाहू नका."

आईने मान चाचपली. "पण हाताला डावीकडेच लागतेय हो."

"टरफल मोठंच लागतं, माउली."

खोलीने सुस्कारा सोडला. खोलीत दोन पदवीधर होते. त्यांनी सगळ्यांत मोठा सोडला.

आईची धाकटी लेक शिवणाचं दुकान बंद करून तशीच धावत आली होती. गळ्यातली टेपही काढायची राहिली होती. वाद घालून तिचा घसा बसला, तेव्हा ती पहिल्यांदाच फोटोकडे नीट बघू लागली. ती तिळाकडे बघत नव्हती. शर्टाकडे बघत होती.

"महाराज, तीळ सरकला, मान्य. काजं कशी सरकली?"

"काय?"

"पुरुषांच्या शर्टाची काजपट्टी डावीकडे असते. इथे उजवीकडे आहे. खिसाही उजवीकडे. बाबांनी जन्मात असा शर्ट घातला नाही."

"वस्त्र देहामागोमाग जातं, मुली."

"आणि मागची ती पाटी?" बाबांच्या डोक्यावर एका दुकानाची पाटी होती, अक्षरं मात्र कोणाला लागत नव्हती.

"ती परलोकाची लिपी."

"मग वाचा ना."

महाराजांनी वाचण्यासाठी डोळे मिटले. "'चाकू टाळा. विश्वास ठेवा.'"

काकू हुंदके देऊ लागल्या. आईने फोन दूर सारला. पावणेसहा झाले होते.

धाकटीने स्कॅनरचं झाकण उघडलं. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, कोपऱ्यात बाबांनी काढलेला लाल ठिपका होता. "हा वर का ठेवलास, दादा?"

"बाबांचा नियमच होता! प्रोजेक्टरमध्ये घालताना ठिपका आपल्याकडे. चाळीसही तशाच ठेवल्यात मी."

"अरे, आपण वरून बघतो. स्कॅनर खालून बघतो!" तिने स्लाइड पालथी केली.

"अनर्थ होईल! बंद करा ते!" महाराज गरजले. काकूंनी स्विचकडे हात नेला. धाकटीने कोपर आडवं घातलं. उजेडाची पट्टी काचेखालून सरकू लागली, इतकी हळू की आईचा श्वास ऐकू येत होता.

फोटो वरून ओळीओळीने उतरला. आधी पाटी आली. 'येथे पंक्चर काढून मिळेल.' मग बाबा. तीळ डावीकडे.

"आत्मा परतला!" महाराज म्हणाले.

धाकटीने स्लाइड पुन्हा उलटली. तीळ उजवीकडे. पुन्हा उलटली. डावीकडे. "पाच मिनिटांत किती फेऱ्या! बाबा जिवंतपणी जिनासुद्धा इतका चढत नव्हते. काचेच्या दारावरची अक्षरं आतून उलटी दिसतात ना? बस, तेवढंच आहे हे."

महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. वाट द्यायला लोक जरा जास्तच तत्परतेने सरकले.

"चमत्कार दाखवणाऱ्याला आधी उलटून बघू द्या म्हणावं," धाकटी बसक्या आवाजात म्हणाली. "जो नको म्हणेल, तो लबाड. आणि दुखणं असेल तर डॉक्टरांकडे जा. एवढी अक्कल सगळ्यांकडे असते, फक्त वेळेवर वापरा."

सहाला चार मिनिटं कमी असताना आईने फोन उचलला. "येतेय मी. हो, हो, डावीकडचीच."

सकाळी हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाची विशेष विनंती' असा रकाना होता. आईने सांगितलं आणि धाकटीने गंभीरपणे लिहिलं:

'मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, सदर रुग्ण, तिचा मुलगा व संपूर्ण इमारत यांची विचारशक्ती काल पाऊण तास बंद पडली होती. तरी आजच्याच भुलीत सर्व संबंधितांची ती तपासून, शक्य तेथे टाके घालून, दुरुस्त करून मिळावी, ही नम्र विनंती.'