सुभेदारांची देशी चिंच

मिलिटरीतून सुभेदार होऊन परतलेले नाथाजीराव स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. सरहद्द सांभाळून झाली होती, आता गाव तेवढं राहिलं होतं. कडेगावजवळच्या आपल्या गावात त्यांनी देशी झाडांची मोहीम काढली. परदेशी झाड दिसलं की तोडायचं. पहिला मान मिळाला बाळाबाईच्या दारातल्या गुलमोहराला. म्हातारी नको नको म्हणत राहिली, पण शिस्त म्हणजे शिस्त. आता ती भर उन्हात भाजी निवडत बसायची.

नाथाजींच्या स्वतःच्या दारात चिंच होती, आईनं लावलेली. तिच्यावर त्यांचा फार जीव. आल्यागेल्याला ते ऐकवायचे, "इंग्रजीत हिला टॅमरिंड म्हनत्यात. अरबांचा शब्द हाय त्यो. हिंदचा खजूर! देशभक्त झाड हाय, गड्या."

यंदा चिंचा झोडपायच्या वेळी शहरात विश्रामबागेत राहणारी पुतणी अंकिता आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. चिंचा वेचणाऱ्या बायकांसमोरच ती म्हणाली, "काका, अरबांना ती आपल्याकडून मिळाली, म्हणून ते नाव. मूळची ती आफ्रिकेची. गुलमोहर मादागास्करचा, म्हणजे तिचा शेजारीच."

बायकांच्या कानावर पडलेली गोष्ट ती, दिवस मावळायच्या आत गावभर झाली.

ग्रामसभेत विषय निघालाच. नाथाजी ताठ उभे राहिले. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घ्यायची ती निदान सावधान उभं राहून, असा त्यांचा बाणा. "नेम सगळ्यास्नी सारखा," ते म्हणाले. "तोडा माजी चिंच."

"आवं सुभेदार, काय बोलताय?" सरपंच उदयसिंह हसले. "चिंचंबिगर आमटी व्हती का? कवाची घरचीच झालीया ती."

सगळ्यांनी हात वर केले. चिंच देशी ठरली. नाथाजींचा जीव भांड्यात पडला आणि भर सभेत डोळे पाणावले.

मागून बाळाबाई उठली. "लय चांगलं झालं. चिंच ऱ्हावी, मी बी खाते. फकस्त येक सांगा, सुभेदार. माजा गुलमोहर परदेशी म्हनून तोडला, का त्येची आमटी व्हत न्हाई म्हनून?"