मिठाचे चार खड्डे

गतवर्षी माघ महिन्यात, मंद्रूपच्या शिवारातील माझ्या पडीक रानात, भूगर्भातील उष्ण पाण्याचा शोध घेण्यास निवेदिता मॅडम सोलापुराहून आल्या आणि यंत्रांची राखण करण्याचा मान मजकडे आला. मी सातवी उत्तीर्ण मेंढपाळ. परंतु दिलेला शब्द हेच माझे वतन होय.

मॅडमनी चार दिशांना चार खड्डे घेऊन त्यांत मिठाच्या चिखलात लहान मडकी बसवली, तारा मधल्या पेटीस जोडल्या आणि म्हणाल्या, "ज्ञानबाकाका, सूर्यामुळे, दूरच्या विजांमुळे जमिनीत बारीक प्रवाह खेळतात. खाली ऊन पाणी, तेही खारं, असेल तर ते तिथून सहज जातात. आपण नुसतं ऐकायचं. उद्यापर्यंत इथं काही हलता कामा नये."

"तुमी निर्धास्त ऱ्हावा."

मॅडम परतताच, राखणीत कसूर नको म्हणून, माझी चाळीस मेंढरेही मी यंत्रांशेजारीच बसवली. एका नजरेत दोन्ही कर्तव्ये!

सकाळी मॅडमच्या लॅपटॉपवर रेघा नाकतोड्यांप्रमाणे उड्या मारीत होत्या. "जवळ विहिरीवर विजेची मोटार चालते का?"

"संगप्पाची!" मी तत्काळ उत्तरलो.

शेजारी संगप्पा बांधावर आला. "कांदा वाळतोय माझा. तरी मॅडमसाठी मोटार बंद करतो. पन ज्ञानबा, उद्या बी रेघा नाचल्या, तर कांद्याला तू हातानं पाणी घालायचं."

"घातलं!" मी सर्वांसमक्ष उद्गारलो.

"उद्याही बिघडलं तर ही जागा नकाशातून वगळावी लागेल," मॅडम खिन्नपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना पत्नी राजाबाई भाकरी घेऊन आली ती ओरडतच. "अवो राखणदार! उटा की! मेंढा बगा काय करतुया!"

पाहतो तो, आमचा मेंढा उत्तरेच्या खड्ड्यात मान खुपसून मिठाचा चिखल परमानंदाने चाटीत होता. मडके आडवे. उर्वरित खड्ड्यांवर मेंढ्यांची पंगत. मिठासाठी मेंढरू कोसभर चालते, हे मला जन्मापासून ठाऊक. मीच त्यांना पानावर आणून बसवले होते.

"कुनी बगितलं न्हाय," राजाबाई कुजबुजली.

मडके सरळ करून गप्प बसावे, तर जागा वगळली जाईल. बोलावे, तर माझी राखणदारी बुडेल. एवढ्यात मॅडम आणि संगप्पा दोघेही आले.

"मॅडम, चोर माझ्याच घरचा हाय," मी म्हणालो आणि मेंढ्याचे खारट तोंड पुढे केले.

मॅडम पोट धरून हसल्या. "आणखी एक दिवस थांबते. पण काका, मेंढ्या लांब, आणि मोटार बंदच!"

संगप्पाने माझ्या हाती दोन प्लास्टिकचे कॅन दिले. मग म्हणाला, "लोखंडी बादली नगं. यंत्राला चालत न्हाय."

मॅडमनी मडकी पुन्हा बसवली, राजाबाईने मेंढरे दूर ओढ्याकडे नेली. मी सूर्यास्तापर्यंत विहीर ते वाफा अशा असंख्य प्रदक्षिणा घातल्या.

तिसऱ्या सकाळी रेघा शांत होत्या. "खरंच ऊन पाणी आहे का, ते बोअर घेतल्यावरच कळेल," मॅडम म्हणाल्या, "पण जागा नकाशावर राहिली."

मी कमरेवर हात ठेवून गंभीरपणे प्रारंभ केला, "मॅडम, ऊन पाणी निघालं, म्हंजे..."

"ज्ञानबा!" कांद्यातून संगप्पाची हाक आली. "ऊन पाणी मागनं बगू. दोन वाफं ऱ्हायल्यात, आदी गार पाणी आन!"