तांब्याची चकती आणि खुललेला आवाज

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीचा हॉल त्या रविवारी दुपारी गच्च भरला होता. नादानं रोग बरे करतो म्हणणाऱ्या नादबाबांनी कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून एक भजन लावलं. होम थिएटरमधून आवाज आला तो पातळ, पिचका.

"तारांतून येता येता नाद अशुद्ध होतो, भक्तांनो. आता ऐका!"

झेंडूच्या माळांनी झाकलेल्या अॅम्प्लिफायरवर बाबांनी तांब्याची चकती ठेवली, हात शालीत घेतले, डोळे मिटले. तेच भजन भरदार घुमू लागलं. मग दुसऱ्या वेबसाइटवरून लावलं, तरी तसंच. चकती उचलली की आवाज मरगळायचा, ठेवली की जिवंत व्हायचा.

"आवाज एकदम खुल गया!" शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या.

इथवर करमणूक होती. पण मग बाबांनी आमच्याच सोसायटीतल्या संपदाच्या सहा वर्षांच्या लेकीला, संचिताला पुढे बोलावलं. पोरीला जन्मापासून कमी ऐकू येतं. बाबांच्या सांगण्यावरून संपदानं तिच्या कानातलं मशीन काढून ठेवलं होतं. आदल्याच दिवशी गेटबाहेर रिक्षा हॉर्न देत आली, तरी संचिता चालतच राहिली. वॉचमननं ओढली म्हणून वाचली.

बाबांनी तिला मोठ्या स्पीकरकडे पाठ करून अनवाणी उभं केलं आणि स्पीकरवर ढोलाचा ठोका वाजवला. धम्म! संचिता गर्रकन वळली. हॉलमध्ये जयघोष झाला. संपदाला रडू आवरेना.

"मशीन या ताटात ठेव, बेटी. खाडीत विसर्जन करू."

संपदानं पर्समधून मशीनची डबी काढली.

"संपदाताई, थांबा!" माझी धाकटी बहीण रसिका उठली. ती इस्पितळात कानांची तपासणी करते. संचितासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं तिनं विचारलं, "काय ऐकलंस गं?"

"पायाला गुदगुल्या झाल्या."

रसिकानं तिला उचलून गादीच्या खुर्चीवर बसवलं. पाय अधांतरी, पाठ स्पीकरकडे. "आता वाजवा."

धम्म! संचिता पाय हलवत बसून राहिली. पुन्हा धम्म. ती वळली नाही.

"श्रद्धा नसेल तिथं नाद उतरत नाही!" बाबा कडाडले. "हिला बाहेर काढा!"

दोघं-तिघं उठलेच. रसिका अॅम्प्लिफायरकडे गेली. "मग मोठ्यांवर तरी उतरू दे." तिनं माळा बाजूला केल्या. खाली आवाजाचा आकडा चमकत होता, अठरा. "ठेवा चकती."

बाबांनी हात शालीबाहेर काढले नाहीत. तिनंच भजन लावून ती ठेवली. आकडा अठराच राहिला.

"शाल में क्या है, महाराज?" हंसाबेननी शाल ओढली. रिमोट खळकन फरशीवर पडला.

रसिकानं तो उचलून बटण दाबलं. आकडा तेवीसवर गेला आणि भजन 'खुललं'. "गाणं तेच, फक्त जरा मोठं. जरा मोठं वाजलं की कानाला गोड लागतं. आणि हिला ऐकू आलं नाही, फरशी थरथरलेली कळली."

संपदानं मशीन लेकीच्या कानात बसवलं. गलका एकदम कानात शिरला तशी संचितानं तोंड वाकडं केलं.

बाबाला शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो. पण एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत त्या पोरीला 'काय ऐकलंस' हे विचारायचं फक्त एकीला सुचलं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. देवाला प्रश्नांचा राग येत नाही. राग येतो तो लबाडाला.