मागच्या लाइनचा फ्यूज

माझ्या भावानं, निवृत्तीनं, अकोल्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला, तेव्हा सासऱ्यांनी, मामाजींनी, तो पुढच्या खोलीत ठेवू दिला, पण एका बोलीवर. नीट चालला तर राहील. नाहीतर शनिवारी हे वरवट बकालच्या शाळेतून घरी आले की परत अकोल्याला. बिघडलेलं यंत्र अन् रडणारं पोर पुढच्या खोलीत शोभत नाही, असंही वर म्हणाले. मी हसून घेतलं. चिखलीच्या एका छापखान्यानं लग्नपत्रिका टाइप करायचं काम देऊ केलं होतं, आणि बी. कॉम. झाल्यापासून माझं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच काम होतं.

कॉम्प्युटर एक दिवस गुणी पोरासारखा वागायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी हट्टाला पेटायचा. बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, पडद्यावर ढगांचं आभाळ यायचं, आणि आता सुरू होणार म्हणेपर्यंत सगळं काळं. मग आपोआप पहिल्यापासून. छकुली झोळीत झोपली की मिळायची तेवढीच सकाळ माझी. एक कान झोळीकडे ठेवून मी पुन्हापुन्हा ते आभाळ बघत बसे. निवृत्तीनं फोनवर सांगितलं तसा डबा उघडला, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. दुसऱ्या दिवशी चालला. मी मामाजींना तोऱ्यात सांगून आले, दुरुस्त केला म्हणून. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ आणि अंधार. मामाजी दारातून नुसतं पाहून गेले. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

शुक्रवारी नळ आले. आमच्या अमडापुरात ते एक दिवसाआड येतात. आमचा हौद भरून वाहतो, आणि भिंतीपलीकडच्या गोजरबाईंच्या नळाला करंगळीएवढीही धार नसते. त्या रिकामा हंडा घेऊन आमच्या दाराशी येतात आणि मी हौदातून काठोकाठ भरून देते. देताना मला बरं वाटतं. त्या मात्र खाली बघून हंडा उचलतात, तो त्यांचा संकोच असं मी धरून चालले होते. मामाजीही दरवेळी त्यांना सांगत, पंचायतीत बोलून राह्यलो म्हणून.

त्या सकाळीही कॉम्प्युटर अडला. उद्या शनिवार. मी पुन्हा निवृत्तीला फोन लावला. त्यानं या वेळी वेगळंच विचारलं.

"ताई, घरातला दिवा बारीक होते काय, पाय बरं."

मी वर पाहिलं. दिवा पिवळा पडला होता, चिमणीसारखा.

"मंग मशीनले काही नाही झालं. काहीतरी वोल्टेज वढून राह्यलं. आधी आपलंच घर पाय. मीटरखालचे फ्यूज एकेक काढ."

स्वयंपाकघराचा काढला. फ्रिज गप्प झाला, दिवा पिवळाच. मग मागच्या लाइनचा काढला. मागे परसात मोटर घूं करत थांबली आणि दिवा पांढराशुभ्र झाला. कॉम्प्युटरवर आभाळ आलं, गेलं, आणि चित्रं एकाखाली एक येऊन उभी राहिली. राहिला, एवढंच माझ्या मनात आलं. माझा कॉम्प्युटर राहिला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गोजरबाईंचा आवाज आला. अगं माय, नळाले पाणी आलं.

ती मोटर हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते, असं मला सांगितलेलं. फरशीखालून तिचा पाइप हौदाला जोडलाय की सरळ गावच्या नळाला, हे बघायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. माझी नजर सगळीकडे असते म्हणतात.

लाइट गेली काय, विचारत मामाजी परसातून आत आले. आणि समोरच्या दारात ओल्या हातांनी गोजरबाई.

"भाऊ, तुमी पंचायतीत बोलले वाटते. धार पाहा कशी आली."

"हाव," मामाजी म्हणाले. "बोललो होतो."

फ्यूज माझ्या हातातच होता. मी मूठ उघडली.

"मी मोटर बंद केली, मावशी."

गोजरबाईंनी फ्यूजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवल त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं.

"माईत आहे, सूनबाई. भिंतीले कान लावा नाही लागत मोटरीसाठी," त्या म्हणाल्या. "दोन हंडे भरून घेतो. भरले की आवाज देतो, मंग लावजा परत."

माझे ते काठोकाठ भरलेले हंडे मला आठवले. त्यांचंच पाणी मी त्यांना वाढत होते, आणि त्या ते मुकाट्यानं उचलून नेत होत्या.

त्या गेल्यावर मामाजींनी फ्यूजसाठी हात पुढं केला. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. नुसती मूठ मिटली.

"उद्या किसन येईन शाळेतून," ते म्हणाले. "खोकं बांधून ठेव."

मी फ्यूज मांडीत ठेवून कॉम्प्युटरसमोर बसले. इतका सुरळीत तो कधीच चालला नव्हता. पलीकडे हंडा भरत होता, आवाज चढत चढत काठाशी आला, थांबला. दुसरा लागला. तोही भरला.

गोजरबाईंनी हाक मारली. मी ऐकलंच नाही असं केलं आणि टाइप करत राहिले.