डबा बदलला, मी राहिलो

मी चमचा बोलतोय. जेवणाच्या ताटातला नव्हे, आणि साहेबाच्या मागे फिरतो तोही नव्हे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा उघडला की आत पांढरा, प्लास्टिकचा, आखूड दांड्याचा जो सापडतो, तो मी. सपाट भरला तर माझ्यात साडेचार ग्रॅम पावडर मावते. एवढंच माझं शिक्षण आणि एवढीच माझी अक्कल.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक दाबलं, गार केलं, की माझ्यासारखे चाळीस एकदम बाहेर. हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला उचलून डब्यात सोडलं. आत अंधार होता आणि दुधाचा गोडसर वास. डब्याच्या पाठीवर आमच्याबद्दल एक ओळ छापली होती : तीस मिलि पाण्याला एक चमचा. ती ओळ त्या डब्याची आणि माझी. दुसऱ्या कुणाची नाही.

डबा उघडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. बाळ नऊ दिवसांचं होतं. बाळंतपणात आईचं रक्त फार गेलं होतं, अंगावरचं दूध पुरत नव्हतं. प्रयत्न करून करून ती रडकुंडीला आली होती. डॉक्टर म्हणाले, "वरचं दूध सुरू करा. त्यात कमीपणा काही नाही." त्यातला 'कमीपणा' एवढा एकच शब्द ती घरी घेऊन आली.

ती कॉलेज शिकलेली, पण मुलखाची घाबरट. पातेल्यावरचं झाकण वाजलं तरी दचकायची. मला रोज दहा मिनिटं उकळायची, मोबाइलवर वेळ लावून. मग चिमट्यानं उचलून धुतलेल्या रुमालावर ठेवायची आणि वर दुसरा रुमाल.

बाळाची आत्या रोज दुपारी यायची. दोन पोरं वाढवलेली, त्यामुळे सगळं ठाऊक. "तुम्हा लोकांना उकळायचं वेडच लागलंय," ती म्हणायची. "एक दिवस ठकूबाईलाही उकळाल." ठकूबाई म्हणजे बाळ. हे नाव आत्यानंच ठेवलेलं.

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. "मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक पायरी चुकतं," हे त्याचं आवडतं वाक्य. मला पावडरीत बुडवून तो सुरीच्या पाठीनं असा सपाट करायचा की एक कण जास्त नाही. पहिला महिना बाळ छान भरलं. मनगटाला वळी पडली. आईनं एक वही केली होती. वेळ, किती मिलि, किती प्यायली, लंगोट किती ओले. वही वाचून मलाही अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू.

मग आमच्या कंपनीचा आणखी एक डबा संपला आणि दुकानात तसला मिळेना. बाबा दुसऱ्या कंपनीचा घेऊन आला. डॉक्टरांना फोन करून विचारलंही. ते म्हणाले, चालेल. नव्या डब्यावर लिहिलं होतं : साठ मिलिला एक चमचा.

"बरं झालं," बाबा म्हणाला. "मोजायचं काम निम्मं झालं."

वर चमचा दिसेना. तो खाली पावडरीत दबला होता. आईनं आत डोकावून पाहिलं. "आत असेल. पण हात कसा घालू? सगळी पावडर खराब होईल."

"कशाला घालतेस? हा आहे ना आपला, उकळलेला. चमचा तो चमचा."

मी पहिल्यांदा त्या परक्या पावडरीत उतरलो तेव्हा मला धडकीच भरली. बाटलीत एकशेवीस मिलि पाणी होतं. मी एकदा गेलो, दोनदा गेलो, आणि बाबानं झाकण लावलं. अजून दोनदा जायला हवं होतं. मला माझं माप ठाऊक आहे, दुसरं काही ठाऊक नसलं तरी. पण चमच्याला तोंड असतं ते भरायला, बोलायला नाही.

"पातळ वाटतंय रे," आई बाटली उजेडात धरून म्हणाली.

"प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं."

सहाव्या दिवशी पावडर खाली गेली आणि त्या डब्याचा खरा चमचा वर आला. माझ्या दुप्पट. आई त्याला हातात घेऊन ओट्यापाशी उभीच राहिली. "हा मोठा आहे," ती म्हणाली.

आत्यानं वळून पाहिलं. "अगं बाई, केवढा तो. एवढी पावडर एकदम गेली तर पोट धरेल तिचं. जुनाच बरा, सवयीचा."

बाबा बूट घालत होता. "आतापर्यंत नीट चाललंय ना? मग चालू दे की."

आईनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं होतं, मी पाहिलंय. पण घाबरट माणसाचं एक दुखणं असतं. ते दिवसातून इतक्यांदा घाबरतं की खऱ्या वेळी त्याचं कुणी ऐकत नाही. ते स्वतःचंसुद्धा ऐकत नाही. तिनं तोंड मिटलं. मोठा चमचा कपडे धुण्याच्या पावडरीच्या डब्यात गेला. तिथं चमचा हवाच होता. पुढच्या डब्यांतले मोठे चमचेही त्याच्या मागोमाग गेले.

पहिले काही दिवस ठकूबाई खूप रडली. बाटली संपली तरी ओठ हलवत राहायची, रिकाम्या हवेतून दूध ओढायची. मग हळूहळू रडायची थांबली आणि झोपू लागली. आत्या म्हणाली, "बघ, आता कशी शहाणी झाली." शेजारीणही म्हणाली, तुमचं बाळ आहे की नाही कळतसुद्धा नाही हो. आईनं वहीत लिहिलं : शांत. लंगोट तर दहा-दहा ओले होत. सहा ओले झाले म्हणजे बाळाचं पोट भरतंय, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. पाणीच पोटात जात होतं, तर पाणीच बाहेर येणार.

अडीच महिन्यांची झाली तेव्हा दवाखान्यात वजन केलं. महिन्यापूर्वी होतं त्याहून कमी. डॉक्टरांनी विचारलं, किती पाजता? आईनं वही पुढे केली. त्यांनी चार पानं उलटली. "वही छान ठेवलीय. मिलि बरोबर आहेत. आठवड्यानं परत दाखवा." मी त्या वहीत कुठंच नव्हतो. माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर आत्या समजुतीच्या सुरात म्हणाली, "माझी पोरं मी असं मोजून नाही वाढवली. तू सारखी धास्तावतेस ना, ती धास्ती तिला लागते. अंगी कसं लागणार मग?"

हे आईला पटलं. मला आजवर जे सगळ्यात वाईट वाटलं असेल ते हेच. दुसऱ्या दिवसापासून तिनं बाळाला दूध पाजणं सोडलं. दूध ती करायची, बाटली आत्याच्या हातात द्यायची आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. आपली भीती दुधात उतरू नये म्हणून.

चार दिवसांनी, सकाळची बाटली तयार होत असताना, बाळाची डावी मूठ झटके देऊ लागली. डोळे एका बाजूला जाऊन तिथंच थांबले.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं. वयस्कर नर्सबाई म्हणाल्या, "काय पाजता ते सगळं घेऊन या. डबा, बाटली, चमचा, सगळं." बाबा धावत घरी आला आणि आम्हाला पिशवीत कोंबून घेऊन गेला.

नर्सबाईंनी डब्यावरची ओळ वाचली. मग मला उजेडात धरलं. मग पुन्हा ओळ वाचली.

"हा या डब्याचा नाही. याचा कुठंय?"

"कपड्यांच्या पावडरीत," बाबा म्हणाला.

"किती दिवस?"

आईनं वही उघडली. पानं मागं मागं उलटत गेली. बोटानं एकेक दिवस मोजला. "पस्तीस," ती म्हणाली.

नर्सबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं स्टूल पुढे ओढलं. "ताई, तुम्ही बसा आधी."

आई उभीच राहिली. "मी पाहिला होता तो चमचा," ती म्हणाली. "माझ्या हातात होता."

अकरा दिवसांनी ठकूबाई घरी आली. वजन भरू लागलं. आत्या अजूनही येते, भाजी निवडते, पण सल्ला देत नाही. बाबा बाटलीला हात लावत नाही. दुकानात एकेक भिंग तीनदा मोजतो म्हणे. डॉक्टरांना दोघांनी एकच प्रश्न विचारला होता. त्या झटक्यांनी डोक्याला काही झालं असेल का? ते म्हणाले, "आत्ताच नाही सांगता येणार. वेळेवर बसायला लागते का, ते बघू."

आता ती नऊ महिन्यांची आहे. बसत नाही. उशांच्या मध्ये ठेवली तर एका अंगावर कलंडते आणि तशीच राहते.

मी आईच्या पर्समध्ये असतो. बाबा एकदा म्हणाला, "फेक ना तो. कशाला जपतेस?"

"जपत नाहीये," ती म्हणाली.

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ती मला बाहेर काढते आणि शेजारी बसलेल्यांना दाखवते. आज एक तरुण जोडपं होतं, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. आईनं त्यांना विचारलं, तुमचा चमचा तुमच्याच डब्यातला आहे ना?

तो मोबाइलवरून नजर न काढता हसला. "तीन-चार साठलेत, ताई. हाताला येईल तो. सगळे सारखेच की."

"घरी गेलात की डब्यावरची ओळ वाचाल का?"

"वाचू की."

त्याची बायको मात्र माझ्याकडे बघत होती. तिनं हळूच विचारलं, "तुमची किती महिन्यांची?" आईनं सांगितलं. बाईनं ठकूबाईकडे पाहिलं, आईच्या कोपरात मान टेकून निवांत पडलेल्या ठकूबाईकडे. मग तिनं स्वतःचं बाळ उचललं आणि पलीकडच्या मांडीवर घेतलं.

बाकीच्या वस्तू म्हातारपणी म्हणतात, आम्हाला विसरू नका, टाकून देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. डबा संपला की त्याच्याबरोबर मला कचऱ्यात टाका. मी कितीही स्वच्छ असलो, कितीही सवयीचा असलो तरी टाका. नव्या डब्यात चमचा दिसला नाही तर एका स्वच्छ भांड्यात पावडर काढा, पण तो शोधा. आणि घरातल्या सगळ्यात घाबरट माणसानं "हा मोठा आहे" असं म्हटलं, तर बूट घालायचे थांबा आणि डब्यामागची ओळ मोठ्यानं वाचून दाखवा.

आमचा नंबर पुकारला. तिनं मला रुमालात गुंडाळलं, ठकूबाईच्या मानेखाली हात घातला आणि उठली.