सात नंबरचा पलंग

भेटीची वेळ सुरू झाली की सर्जिकल वॉर्डातल्या सात नंबरच्या पलंगाभोवती झुंबड उडायची. पलंगावर कोण कण्हतंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. लोक त्याच्या लोखंडी दांडीला हात लावायला येत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी एक बाबा तिथे बारा दिवस पहुडले होते आणि जाताना आपली शक्ती पलंगातच ठेवून गेले होते. स्वतःचा गुडघा मात्र त्यांनी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेतला, हा तपशील भक्तांनी मोठ्या मनाने सोडून दिला होता.

"यात लहरी आहेत, लहरी!" बाबा दर आठवड्याला येऊन सांगत. "विज्ञानाला त्या मोजता येत नाहीत. विज्ञान अजून रांगतंय!"

तीन महिन्यांपूर्वी वॉर्डात आलेल्या नव्या सिस्टरला हे सगळं थोतांड वाटायचं. पण बावीस नंबरवरच्या शिंपीकाकांची जखम चिघळली आणि काकूंनी तिचा हात धरला.

"पोरी, ह्यांना सातवर हलव. ताप उतरत नाहीये गं."

"काकू, पलंगाने जखमा भरत नाहीत."

"मग सातवरच्या कशा भरतात?"

काकूंना दाखवायला म्हणून तिने ड्रेसिंगचं रजिस्टर काढलं आणि तिचंच तोंड उतरलं. तीन महिन्यांत सातवर एकाही जखमेत पू झाला नव्हता. बाकी पलंगांवर चारातली एक जखम चिघळत होती. म्हणजे बाबा खरे?

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ती घरी गेली नाही. दाराशी स्टुलावर बसून नुसतं बघत राहिली. चोवीस पलंग, दोन सिस्टर आणि पाणी येणारा नळ एकच, सातच्या उशाशी. दुसरा नळ वर्षभर दुरुस्तीची वाट बघत होता. सातवर येणारा प्रत्येक जण नळाखाली हात धरून, ते ओले हात पुसतच पेशंटला हात लावी. पुढे आठ, नऊ, दहा... परत नळापर्यंत जायला वेळ कुणाला? बावीसवर पोचेपर्यंत त्या हातांनी पंधरा जणांचा पाहुणचार घेतलेला असे.

शिंपीकाकांचं सकाळचं ड्रेसिंग तिनेच केलं होतं, एकवीसवरून सरळ उठून. हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवणारी ती!

ती इन्चार्ज सिस्टरकडे गेली. "मॅडम, कपाटात हाताला चोळायच्या जंतुनाशकाच्या बाटल्या आहेत ना? प्रत्येक पलंगाला एक लावू या."

"त्या तपासणीसाठी आहेत. वापरून संपल्या तर तपासणीला दाखवायचं काय?"

"पण हात धुण्याचं परिपत्रक आलंय..."

"लावलंय की भिंतीवर. काचेत!"

तिने रजिस्टर पुढे ठेवलं आणि नळाचं सांगितलं. इन्चार्ज सिस्टरनी पानं दोनदा उलटली. मग हलकेच म्हणाल्या, "आणि बाबांचा पलंग तर महिन्यापूर्वीच भंगारात गेला गं. पाय वाकला होता. सातची पाटी मीच दुसऱ्याला लावली." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला.

बाटल्या लागल्या. आठवड्याभरात शिंपीकाकांचा ताप उतरला, आणि वॉर्डात एकही नवी जखम चिघळली नाही.

बाबा आले तेव्हा पलंगावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. "अहाहा! आज लहरींचा जोर आहे!"

"बाबा," नवी सिस्टर म्हणाली, "हा पलंग स्टोअरमधून आणलाय. तुमचा भंगारात गेला. मग लहरी इथेच कशा राहिल्या?"

हशा पिकला. लहरी कशा स्थलांतर करतात ते समजावत बाबा दाराकडे सरकले. गुडघा खरंच उत्तम चालत होता.

"हसू नका नुसतं," ती नातेवाइकांना म्हणाली. "चमत्कार पाण्याचा होता. हात धुवायला हवेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं; नळ जवळ नव्हता, बाटली कुलपात होती, आणि विचारणारं कुणी नव्हतं. तेव्हा विचारा. जो पेशंटजवळ येईल त्याला विचारा, हात धुतले का. डॉक्टर असो, मी असो."

ती ट्रॉली ढकलत बावीसवर पोचली आणि तिने चिमटा उचलला.

"सिस्टर," शिंपीकाका चाचरत म्हणाले, "हात?"

तिचे कान लाल झाले. तिने चिमटा खाली ठेवला आणि बाटली दाबली.