पंचवीसचा वेग

पवनारजवळच्या चढावर दूधवाल्या बापूजींनी सायकलवरून गोपालच्या पिकअपला मागे टाकलं, तेव्हा गोपाल दुसरीकडे पाहू लागला. मागे वांग्याची पोती होती, शेजारी पाठीला उशी लावून आई, देवकाबाई. गाडीत दमच उरला नव्हता. ती बंद पडली तर आईचा वर्ध्याचा बाजार सुटणार. बसचे धक्के तिच्या कंबरेला सोसणार नाहीत, हे गोपालनेच ठरवून टाकलं होतं, आणि बाजार चुकला की आईचा चेहरा कसा उतरतो, तेही त्याला ठाऊक होतं.

दुपारी माल संपल्यावर त्याने गाडी बंडूजी मिस्त्रींच्या गॅरेजात घातली.

"सायलेन्सरातला डबा चोक झाला," बंडूजी गाडीखालून म्हणाले. "कॅटालिटिक कन्व्हर्टर. धूर साफ कराले देते कंपनी. काढून टाकू, सरळ पाइप बसवू."

डबा निघाला, पाइप बसला. गाडीने एका दमात जोर धरला. पण डिझेलचा उग्र वास केबिनमध्ये शिरला आणि देवकाबाईंनी पदर नाकाला लावला. खोकला थांबेना. गोपालने इंजिन बंद केलं.

त्याने डबा उचलून उन्हाकडे धरला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी होती, काजळीने बुजलेली.

"दोन वर्षांत एवढी काजळी काऊन?"

"गाडी किती पळवता?"

"पंचवीस. कधी तीस."

"रिकाम्या रोडवरबी?"

गोपालने आवाज खाली आणला. "आईच्या कंबरेले हिसका नाई बसला पाह्यजे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनं सांगितलं हाय."

"तीन महिन्यासाठी सांगितलं होतं," केबिनमधून आवाज आला. देवकाबाईंचे कान शाबूत होते. "दोन वर्षं झाली त्याले."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मले वाटे, तुलेच जोरात चालवाचं भेव वाटते. पोराले चार लोकांत काय म्हणाचं?"

बंडूजींनी हसू मिशीत दाबलं. "डबा चांगला तापला तरच काजळी जळते, भाऊ. तुम्ही त्याले कधी तापूच देलं नाई."

"मंग तोच लावा परत," गोपाल म्हणाला.

बंडूजींनी हवा मारून जाळी मोकळी केली, डबा पुन्हा बसवला. "आता रोज थोडा वेळ साठनं पळवजा."

परतीच्या वाटेवर काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला. गोपालची नजर रस्त्यापेक्षा आईवरच जास्त होती. तिने पाठीची उशी काढून मांडीवर घेतली.

"समोर पाह्य," ती म्हणाली. "अन् अजून थोडी."

पवनारजवळ पुढे सायकलवर रिकामे कॅन खडखडवत बापूजी परतत होते. गाडी त्यांना मागे टाकू लागली, तशी देवकाबाईंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली.

"बापूजी," त्यांनी हात हलवला, "या सावकाश."